दोनशे मीटर, पण कुठून?

प्रश्न : हर्णैजवळची आमची नारळीची वाडी गावठाणाच्या हद्दीपासून 120 मीटरवर आहे. 200 मीटरच्या आतली जमीन आपोआप एनए (बिगरशेती) मानतात म्हणे. घराचं काम सुरू करू का?

उत्तर : थांबा. किनाऱ्यावर दोन 200 मीटर आहेत आणि दोघांच्या दोऱ्या वेगळ्या खुंट्यांना बांधलेल्या आहेत. महसूल संहितेच्या कलम 42-ड मधले 200 मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे. त्यात बसलात तर जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती 'मानली जाते', तीही रूपांतर कर आणि आकारणी भरल्यावर. बांधकाम परवानगी घ्यावीच लागते.

दुसरे 200 मीटर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे. ते मोजायचे उधाणाचं पाणी जिथवर चढतं त्या भरतीरेषेपासून आत. 2019 च्या अधिसूचनेनुसार, 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात हा ना-विकास (नवं बांधकाम बंद असलेला) पट्टा 50 मीटरचा, तोही नवा किनारा आराखडा मंजूर असेल तरच. एरवी 200. म्हणजे एकच वाडी एनए मानलेली आणि तरी बांधायला बंद, असं होऊ शकतं.

आणि टेप घेऊन पुळणीवर जाऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी सुकलेल्या शेवाळाच्या ओळीपासून मोजलं होतं. पुढच्या अमावास्येला ती ओळ त्यांच्या कुंपणापाशी होती! रेषा मंजूर नकाशावर असते. तुमचा गट नंबर त्यावर बसवून घ्या.

प्रश्न : आमच्या मागची खाडी जेमतेम 30 मीटर रुंद आहे. 50 मीटर सोडायचे का?

उत्तर : सीआरझेडच्या नियमातलं वाक्य शेवटपर्यंत वाचा : '50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते.' 2019 च्या अधिसूचनेनुसारचा किनारा आराखडा लागू असेल तर 30. जुन्या 2011 च्या नियमात 50 च्या जागी 100 होते, पण 'जे कमी' तेव्हाही होतंच, त्यामुळे उत्तर बदलत नाही.

प्रश्न : 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या आमच्या घराची कौलं उडाली. घर ना-विकास पट्ट्यात आहे. आता स्लॅब टाकून वर एक मजला काढावा म्हणतो.

उत्तर : दुरुस्तीच काय, पुनर्बांधणीही चालते. पण नियमात तीन गोष्टी जुन्याच ठेवायला सांगितल्या आहेत : एफएसआय (एकूण बांधकामाचं भूखंडाच्या क्षेत्रफळाशी प्रमाण), जोत्याचं क्षेत्रफळ आणि घनता. जोतं तेच राहिलं तरी वरच्या मजल्याने एफएसआय वाढतो, म्हणून मजला अडतो. त्याआधी नियमात 'अधिकृत' हा शब्द आहे, म्हणजे मूळ घर परवानगीचं हवं. नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा) उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या दाखवून लोक निश्चिंत होतात. पण कर घेतला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. जुना परवाना शोधा. घर पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या, म्हणजे फेब्रुवारी 1991 च्या आधीचं असेल, तर त्या काळातली नोंद काढा.

प्रश्न : होमस्टेसाठी पुढची पडवी बंद करून दोन खोल्या काढल्या तर?

उत्तर : स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे करता येतो, पण जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. पडवी हाच तुमचा दर्शनी भाग. माजघराशेजारची खोली पाहुण्यांना द्या. पडवीत झोपाळा राहू दे, पाहुण्यांनाही तोच आवडतो.