घरगुती मसाल्यांच्या व्यवसायासाठी मराठी ई-बुक काढावं का? किंडलवर टाकू की पीडीएफ वाटू?

काढा, पण मसाल्यांची जाहिरात म्हणून नको. गोडा मसाला किती भाजायचा, वर्षभर टिकवायचा कसा, हे लिहा. त्यासाठी लोक पुस्तक उघडतील. दुकानाचा नंबर शेवटच्या पानावर पुरे.

किंडलवर मराठी पुस्तक स्वतः टाकता येतं, फुकट. आयएसबीएनही (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही. अडचण एकच: 'केडीपी सिलेक्ट' (ई-बुक फक्त किंडललाच देण्याची ॲमेझॉनची ऐच्छिक योजना) घेतलंत तर ९० दिवस तेच ई-बुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफसुद्धा नाही. आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी सिलेक्टमध्येच मिळते, नाहीतर ३५. पण तुम्हाला कमवायचंय मसाल्यावर ना? मग सिलेक्ट सोडा, पीडीएफ बिनधास्त वाटा. मजकूर युनिकोडमध्येच (मोबाईलवर मराठी टाइप होतं तसा) टाइप करा, जुन्या फाँटमधला मजकूर किंडलवर हमखास विस्कटतो.