तासाला 3,420 रुपये

"एवढी हौसेनं वस्तू घेतली, पण आनंदच होत नाहीये. माझ्यात काही बिघडलंय का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वर्षातून तीन-चार वेळा तरी ऐकावा लागतो, दिवाळीनंतर जरा जास्तच. वस्तू तेवढी बदलते. एकदा बुलेट होती, एकदा तर चक्क फ्लॅट. या खेपेला प्लेस्टेशन 5, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, कन्सोल होतं. ओळख लपावी म्हणून तपशील थोडे बदलून सांगते.

वेळ बाईंनी घेतली होती आणि त्यांची तक्रार वेगळीच होती. "रोज रात्री साडेअकराला उठतो आणि हॉलमध्ये जाऊन बसतो. एकपर्यंत खाटखुट चालू. चाळिशी उलटली, आता हे व्यसन!" गृहस्थ एका कारखान्यात परचेसला. बायको बोलत होती तोवर खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, व्यसन लागलं असतं तरी चाललं असतं. मला त्यात मजाच येत नाहीये."

मला व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लावलं. खोका शनिवारी संध्याकाळी आला. मुलगी नऊ वर्षांची, ती नाचत होती. आधी वायफाय, मग खातं, मग अपडेट. डिस्क घातली तर तीसुद्धा लगेच चालेना, आधी मशीनमध्ये कॉपी होत बसली. तोपर्यंत मुलगी सोफ्यावर झोपून गेली. कन्सोलमध्ये आधीपासून भरलेला एक छोटा गेम येतो, ॲस्ट्रोज प्लेरूम. त्यातला रोबो वाळूवर चालला की कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचं बटणांचं साधन, तळहातात वाळूसारखा करकरतो. हे सांगताना गृहस्थांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "वीस मिनिटं भारी वाटलं. मग म्हटलं, हे लहान मुलांचं झालं, आता खरा गेम खेळू."

खरा गेम म्हणजे साठ-सत्तर तासांचा. तिथून सगळं बिनसलं.

बोलता बोलता त्यांनी मोबाइलमधली एक शीट दाखवली. कन्सोल 54,990. डिस्क 4,999, दुसरी डिस्क 4,999. एकूण खेळलेले तास 19. शेवटच्या रकान्यात तासाचा भाव : 3,420 रुपये. "मल्टिप्लेक्सचं तिकीट यापेक्षा स्वस्त पडतं," ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे रात्री साडेअकराला हे गृहस्थ उठत होते ते खेळायच्या ओढीनं नव्हे, भाव खाली आणायला! बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मला हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण अर्धी गाठ तिथेच सुटली होती.

बाईंच्या भीतीचं आधी बोलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आता आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण तो ठरवताना तास मोजत नाहीत. खेळावरचा ताबा सुटला का, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झाला का, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, हे बघतात. तेही साधारण वर्षभर दिसावं लागतं. यांच्याकडे खोका येऊन पाच आठवडे झाले होते. रात्रीची झोप मात्र मोडत होती आणि ती तक्रार बाईंची रास्त होती, तसं मी स्पष्ट सांगितलं.

गृहस्थांना भीती नैराश्याची होती. म्हणून बाकीचं विचारलं. जेवण? व्यवस्थित. रविवारची मिसळ? "ती चुकवत नाही." मुलीबरोबर सायकलवर जाता? जातो, आवडतं. एकच वस्तू रुचत नसेल तर ते नैराश्य नव्हे. पण जेवण, माणसं, काम, सगळंच बेचव झालंय आणि रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे तसंच चाललंय, असं असतं तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. (अशा वेळी कुणाशी बोलावं कळेना, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो.)

मग झालं काय होतं? हवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं, या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. ज्या डोपामिनला आपण सरसकट आनंदाचं रसायन म्हणतो, त्याचं नातं मुख्यतः हव्यासाशी आहे. या गृहस्थांचा हव्यास तीस वर्षांचा. वडील म्हणायचे, दहावी होऊ दे. मग बारावी होऊ दे. मग विषयच संपला. खोका उघडला तेव्हा तीस वर्षांचं 'हवंय' एका संध्याकाळी फिटलं, आणि आवडायचं काय ते अजून सापडायचं होतं.

"लहानपणी कुठे खेळायचात?" शेजाऱ्यांकडे, टीव्हीला जोडायचा गेम. कॅसेटमध्ये फुंकर मारून घालायची. गेमचं नाव कॉन्ट्रा. चुलतभाऊ जोडीला. त्यात धबधब्याची लेव्हल होती. एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. "तो माझ्यासाठी थांबायचा," गृहस्थ म्हणाले, आणि जरा वेळ काही बोलले नाहीत. चित्रं कशी होती, आवाज कसे होते, यातलं त्यांना काही सांगावंसं वाटलं नाही.

त्यांना जपानमधला एक अभ्यास सांगितला. करोनाकाळात तिथे कन्सोलचा तुटवडा होता, दुकानदार चिठ्ठ्या टाकून विकायचे. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले यांची तुलना संशोधकांना आयतीच मिळाली. ज्यांना कन्सोल मिळालं त्यांचं मन थोडं बरं होतं. दिवसाला तीन तासांपुढे मात्र तो फायदा उतरत जातो. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं. "म्हणजे खेळायला हरकत नाही?" त्यांनी विचारलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस परवानगी मागत होता, तीही माझ्याकडे बघत नाही, बायकोकडे बघत.

तीन आठवड्यांसाठी ठरलं ते असं : शीट बंद. सत्तर तासांचा गेम कपाटात. खेळायचं ते जेवणानंतर नऊ ते दहा, उघडपणे, सांगून. मुलीचं वेगळं खातं काढून त्याला वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालायची. आणि दुसरा कंट्रोलर घ्यायचा.

"तो सहा हजारांच्या घरात जातो, मॅडम."

"घ्या," बाई म्हणाल्या.

पुढच्या वेळी आले तेव्हा कंट्रोलर आलेला होता. शनिवारी सिन्नरहून चुलतभाऊ आला, दोघं एकपर्यंत ओरडत होते, बाईंना रात्री बाराला पोहे करावे लागले. ही तक्रार त्यांनी रीतसर नोंदवली, पण व्यसन हा शब्द आला नाही. गृहस्थ मात्र दुसऱ्याच कारणानं खूश होते. कपाटातली डिस्क त्यांनी 2,600 रुपयांना विकली होती.

"शीट बंद केली होती ना आपण?"

"बंदच आहे मॅडम. तिच्यात जमेची बाजूच नव्हती, तेवढी करून ठेवली."

बाई पंख्याकडे बघत होत्या.