इंग्रजी शंका-समाधान: ‘डिड’ आलं की ‘वेंट’चं ‘गो’ का होतं?

प्रश्न: माझं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं, मुलगी पहिलीपासून शिकते आहे. तरी दोघींच्याही तोंडून ‘आय डिड नॉट वेंट’ असंच निघतं. वाक्य भूतकाळातलं, ‘वेंट’ही भूतकाळाचं, मग चुकतं कुठे? – एक पालक, बार्शी

उत्तर: ही चूक मराठीच्या सवयीतून येते. ‘मी गेले’ हे वाक्य नकारार्थी करायचं तर आपण पुढे ‘नाही’ लावतो: ‘मी गेले नाही’. प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ येतो: ‘तू गेलीस का?’ मूळ क्रियापदाचा भूतकाळ दोन्हीकडे शाबूत राहतो. इंग्रजीत अशा वाक्यात काळ एकाच ठिकाणी दाखवतात. ‘डिड’सारखं सहायक क्रियापद आलं की काळ त्याच्याकडे जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं.

म्हणून ‘वेंट’ म्हणजे ‘डिड’ अधिक ‘गो’ असं समजा. ‘शी वेंट टू द मार्केट’ या वाक्यातलं ‘वेंट’ आधी सोडवा: ‘शी डिड गो’. आता नकार हवा असेल तर ‘डिड’च्या लगेच पुढे ‘नॉट’ घाला: ‘शी डिड नॉट गो टू द मार्केट’. प्रश्न हवा असेल तर ‘डिड’ उचलून कर्त्याच्या आधी ठेवा: ‘डिड शी गो टू द मार्केट?’ वर्तमानकाळातही हेच. ‘गोज’ म्हणजे ‘डझ’ अधिक ‘गो’. शेवटचा ‘झ’ ‘डझ’मध्ये गेलेला असतो, म्हणून ‘शी डझ नॉट गोज’ चूक. ‘वॉज’, ‘कॅन’, ‘विल’ यांना मात्र ‘डिड’ची गरज नाही. ती स्वतःच सहायकाचं काम करतात: ‘शी वॉज नॉट देअर’, ‘कॅन शी कम?’ (सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज ‘आय नो नॉट’ असंही सर्रास म्हणत. ‘डू’, ‘डिड’ची सक्ती नंतर पक्की झाली.)

हा नियम बसला की एक नवी चूक डोकं वर काढते. ‘पेला कोणी फोडला?’ याचं ‘हू डिड ब्रेक द ग्लास?’ असं केलं जातं. इथे ‘हू’ हाच कर्ता आहे. साध्या भूतकाळात कर्त्याबद्दलच विचारायचं असेल तर ‘डिड’ येत नाही: ‘हू ब्रोक द ग्लास?’ कर्ता दुसरा असेल तर येतं: ‘हू डिड यू सी?’ म्हणजे तू कोणाला पाहिलंस, आणि ‘हू सॉ यू?’ म्हणजे तुला कोणी पाहिलं.

सरावासाठी ज्यांचं रूप ठळक बदलतं अशी क्रियापदं घ्या: ‘गो–वेंट’, ‘ईट–एट’, ‘सी–सॉ’, ‘बाय–बॉट’, ‘कम–केम’. प्रत्येकाचं साधं, नकारार्थी आणि प्रश्नार्थक वाक्य मोठ्याने म्हणा. ‘कट’ आणि ‘पुट’ सुरुवातीला टाळा. त्यांचं रूप भूतकाळातही तेच राहतं, त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही. ‘रीड’ फसवं आहे: भूतकाळात स्पेलिंग तेच, पण उच्चार ‘रेड’. ‘डिड’नंतर तो पुन्हा ‘रीड’ होतो.

प्रश्न: मुलाखतीत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ म्हणालो. मित्राने नंतर वाक्य चुकीचं असल्याचं सांगितलं. नेमकं काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन गोष्टी चुकल्या आणि दोन्ही मराठीतून आल्या. ‘२०१९पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींना आपण ‘पासून’च लावतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ येतं: ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स दिवाळी’. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’: ‘फॉर थ्री इयर्स’, ‘फॉर टू अवर्स’. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येतं का ते पाहा. ‘सोमवार’वर ठेवता येतं, ‘तीन वर्षां’वर येत नाही.

दुसरी चूक काळाची. ‘मी तीन वर्षांपासून काम करतो आहे’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो. पण काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे दाखवायला इंग्रजीला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ मुलाखतीत याकडे विशेष लक्ष द्या. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलंत तर ती नोकरी तुम्ही सोडली आहे, असा अर्थ समोरचा घेईल.

‘नो’ आणि मालकी दाखवणारं ‘हॅव’ यांना असं ‘आयएनजी’ लावू नका: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’ आणि ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ अशी संपलेली वेळ वाक्यात आली की हे ‘हॅव’ काढून टाका. ‘मी त्याला काल भेटलो आहे’ असं आपण सहज म्हणतो, पण इंग्रजीत ‘आय मेट हिम यस्टरडे’ एवढंच.

प्रश्न: ‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा सोपा नियम सांगा. – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. म्हणून ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’ पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’. ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-रुपी कॉइन’. इंग्रजी स्पेलिंगकडे पाहिलं की गोंधळ होतो. दोन ठिकाणी जपा. ‘यम’, ‘यस’ असे उच्चार करत असाल तर आधी ‘एम’, ‘एस’ असे करा. आणि वर्षासाठीचा शब्द आपण ‘इयर’ लिहितो, पण इंग्रजीत त्याची सुरुवात ‘य’ने होते, म्हणून ‘अ इयर’.

प्रश्न: ‘यू डिडन्ट ईट?’ असं विचारल्यावर मी ‘येस’ म्हणालो, तर समोरच्याला मी जेवलो असंच वाटलं. का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर: मराठीत ‘हो, नाही जेवलो’ चालतं, कारण तिथला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतलं ‘येस’ किंवा ‘नो’ तुमच्या स्वतःच्या क्रियापदाशी जुळावं लागतं. जेवला असाल तर ‘येस, आय डिड’, नसाल तर ‘नो, आय डिडन्ट’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ याला बसायला परवानगी द्यायची असेल तर उत्तर ‘नो’, कारण आक्षेप नाही. पटकन सुचत नसेल तर ‘येस–नो’ सोडून थेट ‘आय डिडन्ट’ किंवा ‘प्लीज सिट’ म्हणा.