रस्त्याकडेची झाडे आणि गाडीचा वेग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे गाव निफाड तालुक्यात, मोठ्या रस्त्याला लागून आहे. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला तेव्हापासून शाळेसमोरून गाड्या सुसाट जातात. ४०ची पाटी लावली, पण ढिम्म फरक नाही. लोकांना गावाची पर्वाच उरली नाही का?

उत्तर : पर्वा नसलेले काही असतातच. पण तुमच्या गावातून ७०-८०ने जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण जोरात चाललो आहोत हे जाणवतच नसते. माणूस वेगाचा अंदाज काट्याकडे बघून क्वचितच घेतो. डोळ्यांच्या कडेने जे मागे पळते, त्यावरून तो घेतो. खोड, कुंपण, घराची भिंत जवळून सरकली की वेग अंगावर येतो. दोन्हीकडे मोकळे रान, द्राक्षबागा लांब, डांबर सपाट आणि साइडपट्टी ऐसपैस असली, की ८०सुद्धा संथ वाटतात. त्यात चालक नुकताच चौपदरी महामार्गावरून उतरलेला असेल, तर ६०वर आला तरी त्याला वाटते, आपण बराच वेग कमी केला.

म्हणजे रस्ता एक सांगतो आणि पाटी दुसरेच. अशा वेळी चालक रस्त्याचे ऐकतो. म्हणून गाव येण्याआधी दीड-दोनशे मीटरपासून रस्त्याचे रूप बदलले पाहिजे. डांबराची रुंदी कमी करता येत नसली, तरी कडेच्या पांढऱ्या रेषा आत घेऊन लेन अरुंद दाखवता येते. आडव्या पांढऱ्या पट्ट्या गावाकडे जाताना एकमेकींच्या अधिकाधिक जवळ मारल्या, की चालकाला आपला वेग वाढतो आहे असा भास होतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात चौकांच्या अलीकडे हा प्रयोग झाला होता.

झाडांनीही हेच साधते. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात काही गावांच्या वेशीवर झाडे अशी लावली, की गाव जवळ येताना त्यांच्यातले अंतर कमी होत जाईल. सरासरी वेग ताशी दोन-तीन किलोमीटरनेच घटला. आकडा लहान वाटेल, पण अतिवेगाने येणाऱ्यांचे प्रमाण तिथे चांगलेच खाली आले, आणि शाळेसमोर धोका असतो तो त्यांचाच. वाहनाची धडक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०च्या जागी ६०चा वेग असेल, तर गाडीतली ऊर्जा सव्वादोन पट होते.

प्रश्न : आमच्याकडे एका वळणावर दोन अपघात झाले. आता रस्त्याकडेची सगळी जुनी झाडे तोडा, अशी मागणी होते आहे. गावात दोन तट पडले आहेत. तुमचे मत काय? (दिंडोरी तालुका)

उत्तर : सगळी झाडे तोडण्याला माझा विरोध आहे. पण झाडांची बाजू घेताना एक गोष्ट लपवणार नाही. रस्ता सोडून बाहेर गेलेल्या गाडीसाठी जाड खोड फार वाईट असते. शेताच्या बांधावर गाडी आदळली तर माणूस बऱ्याचदा वाचतो, वडाच्या बुंध्यावर आदळली तर वाचणे कठीण. अमेरिकेत १९६०च्या दशकापासून महामार्गाच्या कडेला सुमारे ९ मीटर मोकळी जागा ठेवावी असा संकेत रूढ झाला, तो याच अनुभवातून. एवढ्या जागेत भरकटलेल्या बहुतेक गाड्या सावरतात. फ्रान्समध्ये रस्त्याकडेचे ‘प्लेन’ जातीचे जुने वृक्ष या कारणासाठी तोडले गेले आणि त्यावर तिथे आजही वाद चालतो.

मात्र ९ मीटरचा हिशेब भरधाव महामार्गाचा आहे. आपला ग्रामीण रस्ता पावणेचार मीटर डांबराचा असतो आणि साइडपट्ट्या धरून साडेसात. तिथे दोन्हीकडची झाडे काढून माळरान केले, तर वेग वाढेल, आणि त्या वाढलेल्या वेगाची झळ पायी जाणाऱ्या मुलांना, सायकलवाल्यांना, बैलगाडीला बसेल.

म्हणून एकेक झाड बघावे लागते, आणि सगळ्यांत आधी वळणाच्या आतल्या बाजूचे. ताशी ६०ने येणाऱ्याला अडथळा दिसून गाडी थांबवायला साधारण ८० मीटर लागतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात हाच आकडा आहे. १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ८० मीटर पुढचे दिसायचे, तर चालकाच्या मार्गापासून आत सव्वापाच मीटर मोकळे हवेत. एकपदरी रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच पट्ट्यात समोरासमोर येतात. तिथे दिसण्याचे अंतर दुप्पट, म्हणजे १६० मीटर लागते आणि मोकळी जागा २१ मीटरांवर जाते. एवढी जागा कुठल्याच वळणावर मिळणार नाही, झाडे तोडूनही नाही, कारण तिथे बांध असतो, ऊस असतो, कोणाचे तरी घर असते. अशा वळणावर वेग खाली आणणे हाच उपाय. वळणाच्या बाहेरच्या कडेला बाणांचे फलक, आधी सूचना देणारा फलक, खोडांवर परावर्तक, आणि आतल्या बाजूची झुडपे छाटून मोकळी नजर. बुंध्यावर चुना आणि गेरूचे पट्टे मारण्याची आपली जुनी पद्धत रात्री कामाला येते, पण पट्टे दर पावसाळ्यानंतर पुन्हा मारावे लागतात, आणि तेच होत नाही.

अगदी डांबराला चिकटून उभे असलेले झाड मात्र वेगळे. त्याला बगल द्यायला चालक मधोमध सरकतो आणि समोरून येणाऱ्याच्या वाटेत जातो. रुंदीकरणात डांबर पुढे सरकून झाड रस्त्यातच उभे राहते, तसा प्रकार नाशिककरांनी गंगापूर रस्त्यावर पाहिला आहे. रुंदीचे चित्र काढतानाच झाड नकाशावर असते तर रस्ता थोडा वळवता आला असता. ते झाले नाही, तर लोखंडी कठडा आणि ठळक परावर्तक तरी तत्काळ हवेत.

आधी अपघात कसे झाले ते पाहा. रात्री का, दारू होती का, साइडपट्टी खचली होती का? डांबर आणि साइडपट्टी यांच्यात सहा इंचांचा खड्डा असेल आणि दुचाकी त्यात उतरून घसरत असेल, तर झाडाचा काही दोष नाही. केंद्राच्या व्याख्येनुसार ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात, किंवा दहा मृत्यू, झाले तर तो अपघातप्रवण ठिकाण ठरतो. ग्रामसभेने पोलिसांकडून या नोंदी मागवाव्यात आणि मगच कुऱ्हाडीचा विषय काढावा.

प्रश्न : गतिरोधक घातला की प्रश्न मिटतो ना? (सिन्नर)

उत्तर : नीट घातला तर बराचसा. मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ने सहज पार होईल असा. आपल्याकडे लोक स्वतःच मातीचा किंवा सिमेंटचा टोकदार उंचवटा करतात, ना रंग ना फलक. रात्री दुचाकीस्वार त्यावरच उडतो. असा उंचवटा तुमच्या गावात असेल तर आधी तो काढा.

प्रश्न : दाट झाडांच्या कमानीखाली उन्हातून एकदम सावलीत शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही. मी दुचाकीने रोज त्र्यंबकेश्वरला जातो. काय करू?

उत्तर : उजेडातून अंधाराला सरावायला डोळ्यांना जास्त वेळ लागतो, उलट्या दिशेने कमी. त्यात डांबरावर ऊन-सावलीचे ठिपके पडले, की खड्डा आणि काळे कपडे घातलेला माणूस दोन्ही लपतात. सावली सुरू होण्याआधी वेग उतरवा, आत गेल्यावर नव्हे. हेल्मेटची गडद काच वर करा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत सुरू असतो. जुनी गाडी असेल तर दिवा स्वतः लावा. समोरच्याला तुम्ही दिसणेही तितकेच महत्त्वाचे.

प्रश्न : ग्रामपंचायत यंदा रस्त्याकडेला झाडे लावणार आहे. कोणती लावावीत, कुठे लावावीत? (चांदवड तालुका)

उत्तर : जागा आधी, जात नंतर. साइडपट्टी आणि चर यांच्या पलीकडे, रस्त्याच्या हद्दीला लागून खड्डे घ्या, म्हणजे पुढे रुंदीकरण झाले तरी झाड वाचेल. मुंबई-आग्रा रस्ता चौपदरी होताना किती जुने वड गेले ते आपण पाहिले आहे. वळणाची आतली बाजू आणि शेतरस्ता मिळतो ते तोंड मोकळे ठेवा. कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला निघालेला शेतकरी ट्रॅक्टर रस्त्यावर चढवताना दोन्हीकडे लांबवर बघू शकला पाहिजे. मधल्या सरळ टप्प्यात झाडे विरळ लावा आणि गाव जवळ येईल तशी जवळ-जवळ, पहिल्या उत्तरात सांगितले तशी.

कडुनिंब, करंज, चिंच, वड ही आपल्या मातीत टिकतात. बहावा दिसायला सुरेख आणि आकाराने आटोपशीर, त्यामुळे वेशीजवळ शोभतो. गुलमोहर नको, वळवाच्या पावसात त्याची फांदी रस्त्यावर येते. निलगिरी आणि सुबाभूळही टाळा. वड लावलात तर त्याला जागा मोठी द्या, आणि फांद्या डांबरावर आल्या की पाच मीटर उंचीपर्यंत छाटत राहा, नाहीतर उसाचा ट्रक त्या मोडत जाईल. पहिले तीन उन्हाळे पाण्याचा टँकर कोण आणणार, हे ठरावात नावानिशी लिहून घ्या.