घरचे हक्का नूडल्स गाडीवरच्यासारखे मोकळे का होत नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: घरी केलेल्या हक्का नूडल्सचा लगदा का होतो, आणि बाहेर खाताना चांगली प्लेट कशी ओळखायची. दोन्हींच्या मुळाशी ओल आहे. कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं. नूडल्स परतले जात नाहीत, वाफेत पुन्हा शिजतात. गाडीवरचा मोठ्या दाबाचा बर्नर ती ओल बघता बघता उडवतो. घरच्या शेगडीला ते झेपत नाही, म्हणून घरी ओल कढईत पडण्याआधीच काढावी लागते.

सुरुवात उकडण्यापासून. १५० ग्रॅमचं पाकीट दोघांना पुरतं. त्याला निदान दोन लिटर पाणी घ्या. पाणी कमी असलं की नूडल्समधून सुटणारा स्टार्च त्यात दाट होतो आणि तोच चिकटपणा नूडल्सवर बसतो. पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घाला, कारण आतून अळणी राहिलेले नूडल्स नंतर कितीही सॉस घातला तरी अळणीच लागतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी एक नूडल काढून तोडून बघा. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला की लगेच उतरवा. बोटचेपे झाले तर काम संपलं, कारण पुढे ते कढईतही शिजणार आहेत.

चाळणीत ओतून वरून थंड पाणी सोडा आणि हाताने हलकेच चोळून धुवा. इथे बरेच जण घाई करतात आणि ओले नूडल्स थेट कढईत टाकतात. तसं करू नका. दहा मिनिटं निथळू द्या, एक छोटा चमचा तेल लावा, परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे न झाकता दोन तास फ्रिजमध्ये. गार होताना स्टार्च घट्ट होतो, वरचा थर कोरडा पडतो आणि परतताना नूडल्स तुटत नाहीत. गाड्यांवर नूडल्स आधीच उकडून ठेवलेले असतात ते केवळ वेळ वाचवायला नाही, त्याचा हा फायदाही असतो.

भाज्यांचंही तेच. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी, काडीसारखी चिरा. धुतल्यावर फडक्याने पुसा. मीठ शेवटी घाला, आधी घातलं की कोबी पाणी सोडतो. दोन प्लेटना दीड वाटी भाजी पुष्कळ झाली.

कढई लोखंडी हवी. नॉनस्टिक भांडं रिकामं इतकं तापवू नये, त्याचा थर खराब होतो. मोठ्या आचेवर कढईतून हलका धूर निघेपर्यंत तापवा, मग दोन मोठे चमचे तेल. लागलीच बारीक चिरलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, पाठोपाठ पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग गाजर, कोबी आणि सगळ्यात शेवटी सिमला मिरची. सगळं मिळून दीड मिनिट. भाजी कुरकुरीत राहिलीच पाहिजे. नूडल्स घाला, दोन चिमट्यांनी उचलून उलटा, डावाने दाबू नका. आता एक छोटा चमचा सोया सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडा. तो चर्रकन आवाज करत फेसाळतो, थोडा करपतो, आणि तुम्ही शोधताय त्या वासाचा निम्मा भाग तिथे तयार होतो. मग एक छोटा चमचा व्हिनेगर, पाव चमचा पांढरी मिरपूड, चव बघून मीठ, वरून पातीचा हिरवा भाग.

एका वेळी एकच प्लेट परता. चौघांचं एकदम टाकलं की कढई गार पडते आणि पुन्हा वाफ. रंग यावा म्हणून सोया सॉस वाढवू नका. नूडल्स काळे, खारट आणि ओले होतात. चिमूटभर अजिनोमोटो चालतं. त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांशच सोडियम असतं, पण ते घातलं तर मीठ कमी करा. शेजवान हवं असेल तर बाटलीतली चटणी प्लेटमागे एक मोठा चमचा पुरे. ती आधीच खारट असते, म्हणून वेगळं मीठ जवळजवळ लागत नाही.

बाहेर खाताना आधी कढईकडे बघा. प्रत्येक ऑर्डर वेगळी परतणारा माणूस शोधा; आधीच परतून ढीग करून ठेवलेले नूडल्स नुसते गरम करून देणारा टाळा. प्लेटच्या तळाशी तेल किंवा पाणी साचलं असेल तर आच कमी पडली. भडक लाल रंग बहुतेक वेळा मिरचीचा नसतो. पहिल्यांदा एखाद्या ठिकाणी गेलात तर साधे हक्का नूडल्सच मागवा. शेजवानमध्ये बरंच काही लपतं, साध्यात काहीच लपत नाही. कोलकात्याच्या टांगरा भागात, जिथे हक्का चिनी कुटुंबं चामड्याच्या धंद्याबरोबर खानावळीही चालवू लागली, तिथे हा पदार्थ खायची संधी मिळाली तर सोडू नका.

ट्रिपल शेजवान, अमेरिकन चॉप्सी आणि चायनीज भेळ मात्र तिथेच बसून खा. त्यांतले तळलेले नूडल्स पार्सलमध्ये पाच-दहा मिनिटांत मऊ पडतात. पार्सल न्यायचंच असेल तर ग्रेव्ही वेगळी बांधून मागा आणि घरी पोचताच डबा उघडा. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कढईत मोठा चमचाभर पाणी शिंपडून मोठ्या आचेवर परता, पाणी उडेपर्यंत.