‘बसलीच आहेस, तर जरा बाळाला घे’

पत्र

प्रिय मावशी,

मी वरळीला बीडीडी चाळीत राहते. बारावी कॉमर्सला आहे, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. आमची खोली 160 चौरस फुटांची आणि माणसं सात: आजोबा, आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचं सात महिन्यांचं बाळ आणि मी. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू जातो. बाहेर पुनर्विकासाचं काम चालू आहे, मशीन दिवसभर धडधडतं. आमची इमारत अजून पाडलेली नाही, नवं घर मिळेल तेव्हा मिळेल.

दादा बारावीला होता तेव्हा रात्री एक-एक वाजेपर्यंत अभ्यास गल्लीत, रस्त्याच्या दिव्याखाली बसायचा. मी विचारलं तर बाबा म्हणाले, मुलीनं रात्री रस्त्यावर बसायचं नाही. घरात पुस्तक उघडलं की कुणीतरी म्हणतंच, “बसलीच आहेस, तर जरा बाळाला घे.” सकाळी पाणी मीच भरते, आमचंही आणि समोरच्या काकूंचंही, कारण पाणी यायच्या आधीच त्या कामावर निघतात आणि किल्ली आमच्याकडे ठेवतात. आई दोन घरी स्वयंपाकाला जाते, तिला काही सांगावंसं वाटत नाही.

सहामाहीत बुक-कीपिंगमध्ये जेमतेम पास झाले. मैत्रीण म्हणते, टाऊन हॉलच्या लायब्ररीत जाऊ. मला फक्त एक शांत जागा हवी आहे. मुंबईत कुठे मिळेल?

– वरळीची एक मुलगी

उत्तर

पोरी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही जागाच शोधायला लागले होते. नायगावचं ग्रंथसंग्रहालय, टाऊन हॉल, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, अशी यादी मनात सुरू झाली. दुसऱ्यांदा वाचलं आणि एका वाक्यापाशी थांबले. समोरच्या काकूंची किल्ली तुमच्याकडे असते. त्या सकाळीच निघतात, म्हणजे तुझ्या दारासमोर, चार पावलांवर, एक अख्खी खोली दिवसभर कुलपात शांत पडलेली असते. तू तिच्यात रोज पाणी भरायला जातेस आणि भरून परत येतेस. ती तुला दिसली नाही याचं मला नवल नाही. रोज जिथे कामाला जातो, तिथे आपण बसूही शकतो हे मनात येत नाही.

त्या खोलीकडे येतेच, पण आधी ते ‘बसलीच आहेस’. हे वाक्य मी ओळखते. मुलगी भाजी निवडत असेल तर ती कामात असते, कपडे वाळत घालत असेल तर कामात असते, आणि पुस्तक घेऊन बसली की रिकामी असते. तुझ्या घरातली माणसं वाईट नाहीत, त्यांना दिसतं तेच ती बोलतात. हिशेबाची वही मांडीवर घेतलेली मुलगी त्यांना बसलेलीच दिसते. दादा गल्लीत जायचा तेव्हा तो नजरेआड असायचा, म्हणून त्याचा अभ्यास हा अभ्यास ठरला. तुला हवी आहे ती नुसती शांतता नाही. तू अमुक वेळ ‘नाहीस’ हे घरानं धरून चालायला हवं.

मी गिरगावात वाढले. आमच्या खोलीला पोटमाळा होता, तिथे लोणच्याच्या बरण्या, पावसाळी गोणपाट आणि परीक्षेच्या दिवसांत मी. उकाडा असा की वहीवर घाम टपकायचा. पण मी वर गेले की आई शिडी काढून भिंतीला आडवी टेकवून ठेवायची. कुणी विचारलं तर खुशाल सांगायची, ती घरी नाही. खाली पाहुणे चहा पीत असायचे, माझ्या नावाची चौकशी व्हायची आणि मी वर श्वास रोखून मेंडेलचे वाटाणे पाठ करायची. माळा काही शांत नव्हता गं. खालचं सगळं ऐकू यायचं. फक्त मला खाली कुणी बोलावू शकत नव्हतं.

तर तुझी शिडी कोण काढणार, ते आधी ठरव. माझ्या मते आई. ती थकते म्हणून तू तिला सांगत नाहीस, हे समजतं, पण तू न सांगितल्यानं तिचा थकवा कमी होत नाही, तुझी परीक्षा तेवढी तिच्यापासून लपते. तिला बोर्डाचं वेळापत्रक दाखव. कुठल्या तारखेला कुठला पेपर, ते तिच्यासमोर कॅलेंडरवर लिही, जिथे दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर. आणि मग दोघी मिळून काकूंकडे जा. एकटी जाऊ नकोस. मुलीनं मागितलेली किल्ली आणि आईनं मागितलेली किल्ली यात चाळीत फरक असतो.

मागताना मोघम बोलू नका. ‘कधीमधी बसली तर चालेल का’ असं विचारलंत, तर काकू ‘हो, त्यात काय’ म्हणतील आणि आठ दिवसांनी दोन्ही घरांना अवघडल्यासारखं होईल. वेळ सांगा: रोज अकरा ते दोन, परीक्षा संपेपर्यंत. काय करणार नाही तेही सांगा: मैत्रिणी आणणार नाही, पलंगावर लोळणार नाही, कपाटाला हात लावणार नाही, बाळाला तिकडे नेणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर वहिनी दोन दिवसांत म्हणेल, तिकडे शांत आहे तर झोपवून आण. पंख्याच्या विजेचे पैसे द्यायची तयारी दाखवा. काकू बहुधा घेणार नाहीत, पण विचारलं हे त्यांच्या लक्षात राहील. आणि त्या नाही म्हणाल्या तरी त्यांचं पाणी भरणं बंद करायचं नाही. रुसवा पिंपात दिसतो.

अकरा ते दोनच का? तुझा बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो आणि तीन तास चालतो. बरीच मुलं महिनोन् महिने रात्री एक-दोनपर्यंत जागतात आणि पेपराच्या वेळी त्यांचं डोकं नेमकं पेंगायला लागतं. तू रोज अकराला घड्याळ लावून बुक-कीपिंगचा जुना पेपर सोडवायला बस. भागीदारीचे हिशेब, अंतिम खाती, जे अडतं ते आधी. ताळेबंद जुळला नाही तर लगेच उत्तर बघू नकोस, त्याच बैठकीत चूक शोध. बाहेरच्या मशीनचा धडधडाट तिथेही येईल, येऊ दे. परीक्षा केंद्राबाहेरून बस जायची थांबत नाहीत.

आवाजातही प्रकार असतात, हे तू आजमावून बघ. मशीनचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज थोड्या वेळानं कान सोडून देतात. माणसांचं बोलणं सोडत नाहीत. मालिकेतली सासू काय म्हणाली ते ऐकू आलं की पाठांतराची ओळ तुटलीच. म्हणून घरात गलका असेल तेव्हा गणितं सोडव, आकडेमोड कर, आकृत्या काढ. ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), अर्थशास्त्राची उत्तरं काकूंच्या खोलीसाठी किंवा पहाटेसाठी राखून ठेव. केमिस्टकडे फोमचे इअर प्लग स्वस्तात मिळतात, ते घे. मोबाइलवर गाणी लावून अभ्यास करू नकोस, त्यातलेही शब्दच असतात.

आता आजोबा. टीव्हीचा आवाज हा तुझ्या तक्रारीतला सगळ्यात सोडवण्यासारखा भाग आहे आणि सात माणसांत कुणाच्याही ते लक्षात आलेलं दिसत नाही. त्यांच्या कानांची तपासणी शेवटची कधी झाली? वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, ऐकू न येण्याच्या तपासणीसाठी आणि श्रवणयंत्रांसाठीच ती ओळखली जाते. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग असतो. कधीकधी कानात नुसता मळ घट्ट झालेला असतो आणि माणूस वर्षभर ओरडून बोलत राहतो. दादानं एक सकाळ काढून त्यांना न्यावं. तोवर टीव्हीला जोडायचा हेडफोन आणा. आजोबा सुरुवातीला कुरकुरतील, मग त्यांना बातम्या पहिल्यांदाच नीट ऐकू येतील आणि ते हेडफोन काढायला देणार नाहीत.

बाबांबद्दल मी गोड बोलणार नाही. दादाला एक न्याय आणि तुला दुसरा, हे चूकच आहे. पण रात्री एकपर्यंत बसण्यासाठी तू भांडावंस असंही मला वाटत नाही, कारण ती वेळ तुझ्या पेपराला उपयोगाची नाही आणि भांडणात जानेवारी जाईल. तू संध्याकाळ माग. अभ्यास गल्ली तुमच्या वरळीचीच. घरात जागा नाही म्हणून चाळींतली मुलं रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तकं घेऊन बसली आणि रस्त्यालाच ते नाव पडलं. आता पालिकेनं तिथे बाकडी आणि दिवेही केलेत. बाबांना म्हण, सहा ते साडेआठ, दादा सोडायला येईल आणि आणायला येईल. दादा त्याच दिव्याखाली बसून बारावी झाला. बहिणीला तिथवर सोबत करायला त्याला जड जाऊ नये. गेलंच, तर त्याला हे पत्र वाचायला दे.

बाबांना आणखी एक आठवण करून दे, त्यांना ती ठाऊक असणार. बाबासाहेब परळला चाळीतल्या खोलीत राहून 1907 साली मॅट्रिक झाले. त्या एका खोलीत अभ्यासाला जागा आणि शांतता नव्हती, म्हणून वडील रामजी त्यांना लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता मुलाला उठवून मग आपण आडवे व्हायचे. बाबासाहेब चर्नी रोडच्या बागेतही वाचत बसायचे आणि तिथेच केळुस्कर गुरुजींनी त्यांना हेरलं. ही गोष्ट सांगताना सगळे मुलाच्या जिद्दीबद्दल बोलतात. मला त्या बापाचं जागरण आठवतं. बाबांना दोनला उठायला सांगू नकोस, साडेचारला सांग. पहाटे बांधकामाची मशीन बंद, टीव्ही बंद, पॅसेजमध्ये दिवा असतोच. बाबा दाराशी चहा घेऊन बसले, तर पॅसेजमध्ये बसायलाही तुला भीती नाही.

वहिनीशी वाकडं घेऊ नकोस. दिवसभर त्या खोलीत बाळ, आजोबा आणि टीव्ही यांच्यात ती अडकलेली आहे, ‘जरा घे’ म्हणण्याइतकी सोबत तिला तुझीच आहे. तिच्याशी सौदा कर. दुपारी जेवल्यावर एक तास बाळ पूर्ण तुझं. तिनं त्या तासात झोपावं, केस धुवावेत, मैत्रिणीशी फोनवर बोलावं. त्या बदल्यात बाकी वेळ तुला हाक नाही. ठरलेला तास कितीही कंटाळा आला तरी चुकवू नकोस, तुझ्या बोलण्याला घरात वजन त्यानंच येईल.

टाऊन हॉलचं म्हणशील तर एकदा जरूर जा. तिथली लायब्ररी म्हणजे एशियाटिक, तिच्या त्या पायऱ्या बघ, वर जाऊन त्या उंच छताखाली उभी राहा. पण रोजच्या अभ्यासाला वरळीहून तिकडे जाणं म्हणजे जायला-यायला दोन तास घालवून तीन तास वाचणं. मैत्रिणीसोबत असलीस तर त्यातला एक तास पायऱ्यांवर गप्पांत जाईल, मी तुझ्या वयाची होते. नायगावलाही मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था 1898 पासूनची, पण ते संदर्भासाठी चांगलं, बुक-कीपिंगची गणितं तिथे बसून सोडवायची गरज नाही. त्यापेक्षा जी दक्षिण विभाग कार्यालयात जाऊन पालिकेची जवळची अभ्यासिका कुठे आहे ते विचार. गणेशोत्सव मंडळांच्याही अभ्यासिका असतात. नाव घालायच्या आधी दोन गोष्टी बघ: मुलींची बसायची जागा वेगळी आहे का, आणि स्वच्छतागृह कसं आहे. दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही आणि मुली तेवढ्यासाठीच चार दिवसांत जाणं सोडतात.

लग्नसराईत मैदानात हळदीचा डीजे वाजणारच. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, पोलिसांना 112 वर कळवता येतं. तरी पहिला फोन पोलिसांना नको. नऊच्या सुमारास दादानं मंडळाच्या पोरांना सांगावं, बारावीची मुलगी आहे घरात, दहाला बंद करा. सांगितल्यावर ऐकतात. निदान गाण्याचा आवाज उतरतो.

तर आज रात्री आईशी बोल. रविवारी काकू घरी असतील, तेव्हा दोघी जा, हात हलवत जाऊ नका, डब्यात काहीतरी न्या. त्या हो म्हणाल्या तर सोमवारी अकराला कुलूप उघड, आणि दोनला निघताना पंखा बंद केलास ना, ते बघ.

– मावशी