कायोटीसाठी आमिष टाकावं का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत आयोवात राहतो, शेजारच्या फार्मवर कायोटी (कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) कोकरं नेतात. मालक म्हणतो मेलेलं वासरू टाकून त्यांना एका जागी आणू आणि मारू, मला पण बोलावलंय. चालेल का?

उत्तर: पहिलं म्हणजे नियम प्रत्येक स्टेटचे वेगळे, त्यामुळे गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा सरकारी अधिकारी) फोन करूनच पुढं जा. पद्धत तशी जुनीच आहे, थंडीत खायला कमी मिळतं तेव्हा कायोटी मढ्यावर येतो, पण नाक भयंकर तिखट, वारा जिकडे वाहतो त्या बाजूने वळसा घालून आधी वास घेतो, म्हणून वारा आमिषाकडून तुमच्याकडे यायला हवा आणि मढं साखळीने बांधा नाहीतर ओढून नेतील. आणि हे कळकळीने सांगते, जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन मारलेलं जनावर कधीच टाकू नका, मांसात त्या इंजेक्शनमधलं औषध, पेंटोबार्बिटल, राहतं आणि ते खाऊन गरुड मरतात! विष तर नकोच, १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सननी सरकारी जमिनीवर त्यावर बंदी आणली ती उगाच नाही. खरं विचाराल तर मला कोकरांजवळ मढं ठेवणंच पटत नाही, कायोटींना तिथली सवय लागते. मेलेली जनावरं लगेच हलवा, रात्री कोकरं आत घ्या आणि कळप राखणारा ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा पाळा.